नववी फ्रेम

"तात्यांनी शेंगाची चटणी मागितली, असं तुम्ही मला सांगितलं होतं," महानंदा भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली. "तेव्हा त्यांना जाऊन तीन दिवस झाले होते."

बार्शीच्या त्या नर्सिंग होमच्या खोलीत आम्ही तिघी होतो. कॉटवर माझी भावजय महानंदा, पायथ्याशी स्टुलावर माझी आई आणि दाराजवळ उभी असलेली मी. सोलापूरहून येऊन मला पाचच मिनिटं झाली होती. पिशवीसुद्धा खांद्यावरून उतरली नव्हती. बाळ पेटीत आहे, बरं आहे, हातपाय हलवतंय, एवढंच मी बोलले होते.

"महानंदा, ती वेळ वेगळी होती," आई म्हणाली.

"वेळ तीच आहे, आत्या. तेव्हाही मला म्हणालात, तुझी तब्येत सांभाळ. आताही तेच म्हणताय. माझं बाळ गेलंय. कधी गेलं तेवढं सांगा."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

तात्यांबद्दल ती म्हणत होती त्यात काही खोटं नव्हतं. मार्चमध्ये तिच्या वडिलांना, तात्यांना, अक्कलकोटहून सोलापूरच्या दवाखान्यात आणलं होतं. तात्यांना मुलगा नव्हता आणि मी सोलापुरात मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची, एकटीच राहायची, म्हणून दवाखान्याची ये-जा माझ्याकडे आली. नवव्या दिवशी ते गेले. महानंदाला पाचवा महिना होता आणि रक्तदाब चढलेला होता. तिला आत्ताच कळू द्यायचं नाही असं घरात ठरलं आणि ते तिला सांगायला, म्हणजे न सांगायला, मला बार्शीला पाठवलं. मी तिच्या शेजारी बसून पोहे खाल्ले आणि तात्यांनी काल चटणी मागितल्याचं सांगितलं. ते कुणी शिकवलं नव्हतं, माझं मलाच सुचलं. ती किती खूश झाली होती. ते गेल्याच्या अकराव्या दिवशी गावाकडची एक म्हातारी आली आणि दारातच तिच्या गळ्यात पडून रडली, तेव्हा तिला कळलं. तोवर सगळं आटोपलं होतं.

आणि आता मे महिना होता. सातव्या महिन्यातच तिला झटके आले. पोट कापून मूल काढावं लागलं. मुलगी. तेराशे ग्रॅम. बार्शीत अशा बाळांना उबेत ठेवायची काचेची पेटी नव्हती, म्हणून त्याच दुपारी माझा धाकटा भाऊ शिवानंद बाळाला घेऊन अँब्युलन्सने सोलापूरला गेला. महानंदा शुद्धीवर आली तेव्हा खोलीत बाळही नव्हतं आणि नवराही नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावलं. "तीन दिवस तिच्या पोटात अन्न नाही. गोळ्या जिभेखाली धरते आणि थुंकते. दाब खाली येत नाहीये. पुन्हा झटके आले तर मी काही सांगू शकत नाही."

"तिला सोलापूरला नेऊ या? एकदा डोळ्यांनी बघेल."

"टाके ओले आहेत आणि दाब हा असा. गाडीत घालायची नाही. आणि तिकडून बाळ हलवायचं नाही." त्या पुढे म्हणाल्या, "दूधही अजून उतरलेलं नाही. बाळाला त्याची गरज आहे. तुम्ही काहीही करा, पण तिचा विश्वास बसेल असं काहीतरी करा."

मी परत खोलीत गेले. "फोटो आणला तर?" मी म्हणाले.

महानंदाने पहिल्यांदा मान वळवली. ओठ सुकून फाटले होते. "उद्या?" तिने विचारलं.

"उद्या संध्याकाळी."

तिने पुन्हा तोंड फिरवलं.

फोटो काढण्याचा नाद मला स्टुडिओवाल्या मुश्ताकभाईंनी लावला होता. आमच्या शाळेच्या गॅदरिंगचे फोटो ते काढायचे. त्यांच्याच ओळखीने मी जुना कॅमेरा घेतला, फोटो मोठे करायचा त्यांचाच टाकलेला एन्लार्जर माझ्या स्वयंपाकघरात आला आणि काळ्यापांढऱ्या फिल्म घरीच धुवायला मी शिकले. पण मुश्ताकभाई त्या आठवड्यात डोळ्याच्या ऑपरेशनसाठी हैदराबादला गेले होते आणि स्टुडिओला कुलूप होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात पोचले. शिवानंद वऱ्हांड्यात बाकावर बसला होता. दाढी वाढलेली, शर्ट तोच तीन दिवसांपूर्वीचा. तो बार्शीला पाणी उपसायच्या मोटारी दुरुस्त करायचा. हाताला सतत काम असलेला माणूस नुसता बसला की कसा दिसतो, ते तेव्हा मी पाहिलं.

बाळांच्या डॉक्टरांनी परवानगी दिली, पण अट घातली. "फ्लॅश अजिबात नाही. आत पाच मिनिटं. पेटी उघडायची नाही."

आत दोन ट्यूब होत्या, त्यातली एक बंद. खिडक्यांना हिरवे पडदे. मी गाऊन चढवला, नाकाला फडकं बांधलं आणि पेटीजवळ गेले. कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या मापकाने फारच कमी वेग दाखवला. माझ्याजवळ एकच फिल्म होती, चारशे वेगाची; हा आकडा जितका मोठा तितका कमी उजेड पुरतो. तेवढ्या उजेडात कॅमेऱ्याची झडप सेकंदाचा आठवा भाग उघडी राहणार होती. आठव्या भागात माझा हात हलला असता, बाळ तर हललंच असतं.

यावर उपाय मला माहीत होता, पण मी तो कधी केला नव्हता. एकदा नाटकाचे फोटो काढताना मुश्ताकभाईंनी सांगितलं होतं. फिल्म चारशेची असली तरी सोळाशेची आहे असं समजून काढायची, म्हणजे चौपट भराभर काढता येतं. फिल्मवर उजेड कमी पडतो, ती उणीव धुताना भरायची. डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र वर आणणाऱ्या द्रावणात, जास्त वेळ ठेवायची. याला ते पुश करणं म्हणायचे. "पण एक लक्षात ठेवा, बाई," ते म्हणाले होते, "जे फिल्मवर उतरलंच नाही, ते कितीही वेळ ठेवलं तरी येत नाही. जरासं का होईना उतरलेलं असतं, तेच वर येतं."

मी कॅमेऱ्यावरची चकती सोळाशेवर फिरवली. आता तिसावा भाग मिळाला. कोपर पेटीच्या चौकटीला टेकवलं आणि श्वास धरला.

असं बाळ तळहाताएवढं असतं म्हणून लोक म्हणतात, तसं ते नव्हतं, त्याहून थोडं मोठं होतं. नाकात नळी. कातडीखाली सगळं दिसत होतं. छाती वर व्हायची आणि मग पुन्हा वर होईल की नाही अशी शंका यावी इतका वेळ खालीच राहायची. मी अकरा वेळा बटण दाबलं. नवव्या वेळी तिने डोळे उघडले होते असं वाटलं, पण आरशासारख्या चमकणाऱ्या त्या काचेतून खात्री होत नव्हती.

बाहेर आल्यावर शिवानंदने विचारलं, "आलं का नीट?"

"धुतल्याशिवाय कळत नाही."

"आणि नाही आलं तर?"

तो बाजूला सरकून बसला, मला जागा केली आणि हळू आवाजात म्हणाला, "अक्का, पलीकडच्या खोलीत साधी बाळं आहेत. एक अगदी खिडकीत आहे, भरपूर उजेड आहे तिथं. त्याचा एक घेऊन ठेव. तिने कुठं पाहिलंय आपलं बाळ? एकदा जेवली, औषध घेतलं, मग पुढचं पुढं बघू."

"ती मला विचारेल, हेच का म्हणून."

"मी सांगतो ना. मी शपथ घेतो. अक्का, दोघींना एकदम घालवून बसायचं का मी?"

मी उठले आणि पलीकडच्या खोलीत गेले. गोरंपान, गुबगुबीत बाळ होतं, मूठ तोंडाशी घेऊन झोपलेलं. त्याची आजी कौतुकाने म्हणाली, काढा की, काढा. खिडकीचा उजेड सुंदर होता. मी काढला. बारावी फ्रेम.

घरी आले तेव्हा साडेअकरा वाजले होते. नळाचं पाणी चौतीस अंश होतं. शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर मी घरी आणून ठेवला होता. डेव्हलपरला वीस अंश लागतात. पाणी जास्त गरम असेल तर फिल्मवरचा थर मऊ पडतो, कधी सुटूनही येतो. एरवी मी उन्हाळ्यात फिल्म धुतच नसे. कोपऱ्यावरच्या सरबतवाल्याकडून अर्धी लादी बर्फ आणला, गोणपाटात गुंडाळलेला, आणि डेव्हलपर, हायपो, धुवायचं पाणी, सगळ्या बाटल्या बादलीत बुडवून ठेवल्या.

बाजारात दुसरे स्टुडिओ होते. त्यातल्या एकात मी वाटेत डोकावलेही होते. पण तिथे सगळ्यांच्या फिल्म एकाच टाकीत एकाच वेळी धुतल्या जात. माझ्या एकटीसाठी वेगळा वेळ देणार कोण, आणि परवा या म्हणाले.

न्हाणीघराच्या झरोक्याला घोंगडी ठोकली, दाराच्या फटीत लुगडं कोंबलं आणि दिवा मालवला. फिल्म अंधारात प्लॅस्टिकच्या चक्रीवर चढवून डबीत बंद करायची असते. पन्नास वेळा केलेलं काम. पण मे महिन्याच्या भर दुपारी बंद न्हाणीघरात माझ्या मनगटावरून घाम ओघळत होता आणि अर्ध्यावर फिल्म अडकली. पुढेही जाईना, मागेही येईना. चक्री दमट झाली होती. जोर लावला असता तर फिल्म दुमडली असती, दुमडलेल्या जागी एकमेकीला चिकटली असती आणि नेमकं तिथंच ते बाळ असतं तर.

मी अंधारातच चाचपडत चक्री तशीच डबीत घातली, झाकण घट्ट लावलं आणि बाहेर आले. पंख्याखाली उभी राहिले. हात बर्फाच्या पाण्यात धरले, कोरडे केले, पदराने तोंड पुसलं. मग पुन्हा आत. या वेळी बोटांनी दम धरला. टोक आत गेल्याचा तो बारीक खट आवाज ऐकला तेव्हा मी भिंतीला टेकून थोडा वेळ तशीच बसले.

वहीत मुश्ताकभाईंचे आकडे उतरवून घेतलेले होते. नेहमीची नऊ मिनिटं. दोन पायऱ्या चढवायच्या, म्हणजे चारशेची सोळाशे करायची, तर साडेतेरा. खाली त्यांचंच वाक्य मी लिहिलं होतं: घाई नको, हलवाहलवी नको.

वीस अंशाचा डेव्हलपर डबीत ओतला आणि घड्याळ लावलं. दर मिनिटाला डबी दोनदा उलटी करायची, पुन्हा बादलीत ठेवायची. सातव्या मिनिटाला बादलीतल्या पाण्यात थर्मामीटर घातला तर तेवीस. बर्फ केव्हाच विरघळला होता. उरलेला तुकडा फोडून टाकला तरी पारा उतरेना. पाणी गरम म्हणजे फिल्म भराभर शिजते. साडेतेरा मिनिटं ठेवली तर सगळं काळं होऊन जाईल. कमी ठेवली तर बाळ वर यायचंच नाही. किती कमी, ते वहीत नव्हतं. विचारायला कुणी नव्हतं. मी बारा ठरवलं. का बारा, ते मला आजही सांगता येणार नाही. बाराव्या मिनिटाला ओतून दिलं, थंड पाणी घातलं, मग चित्र पक्कं करणारा हायपो. त्याची दहा मिनिटं मी उभ्यानेच काढली.

डबी उघडली. चक्रीवरून फिल्म बाहेर ओढली तर नुसती कोरी. हातभर कोरी. छत्तीसची फिल्म होती आणि मी बाराच फोटो काढले होते, बाहेरचा भाग कोराच असणार, हे मला माहीत होतं. तरी मी घाईने पुढची ओढली. मग एकदम ठळक, स्वच्छ, बारावी फ्रेम आली. मूठ तोंडाशी घेतलेलं खिडकीतलं बाळ. इतकं सुरेख निगेटिव्ह माझ्या हातून क्वचितच निघालं असेल.

त्याच्यामागून ती अकरा आली. फिकट. पण होती.

मे महिन्याचा एक फायदा, फिल्म अर्ध्या तासात वाळली. भिंग लावून पाहिलं. चार फोटोंत माझा हात हलला होता. पाचांत बाळ हललं होतं. एकात काचेवर ट्यूबची पट्टी आली होती. नववी फ्रेम स्थिर होती.

स्वयंपाकघरात अंधार केला, लाल दिवा लावला. एन्लार्जरखाली दोन निगेटिव्ह समोर होती. पावणेतीन वाजले होते आणि साडेचारची एसटी गाठायची होती. मी आधी कुठलं घातलं असेल असं वाटतं? मी बारावी घातली. कागदावर ते गुटगुटीत बाळ पडलं, उलट्या रंगांत, आणि मी दिव्याच्या बटणावर बोट ठेवून थांबले. शिवानंद खोटं बोलत नव्हता. हा फोटो पाहून कुणीही जेवायला उठलं असतं. मला तेव्हा आठवलं ते पोह्यांचं ताट आणि तात्यांबद्दल ऐकून खुललेला तिचा चेहरा. तेव्हाही ती माझ्यासमोर पोटभर जेवली होती.

मी बारावी काढून घेतली आणि नववी घातली.

ट्रेमध्ये कागद हळूहळू काळवंडला. आधी नळी दिसली. मग कपाळ. सगळीकडे वाळू शिंपडल्यासारखे दाणे दाणे होते, सावल्या नुसत्या काळ्या ठिक्कर. पण डोळे उघडे होते. दोन्ही डोळे उघडे होते आणि बाळ थेट पाहत होतं.

बार्शीला पोचले तेव्हा सात वाजायचे होते. आईने खोलीच्या दारातच माझ्याकडून फोटोचं पाकीट घेऊन फोटो पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. "अगं गिरिजा, हे असलं काय दाखवायचं तिला? दुसरा जरा बरा नव्हता का?"

मी फोटो तिच्या हातातून घेतला आणि महानंदाच्या उशाशी ठेवला. मग एका हाताने तिने तो उचलला, दिव्याकडे धरला.

"एवढंसं आहे?"

"तेराशे ग्रॅम."

"नाकात काय आहे?"

"नळी. त्यातूनच दूध देतात. अजून चोखता येत नाही."

"दुखत असेल?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. "जगेल?"

आई पुढे सरकली. मी तिच्या दंडाला धरलं. "डॉक्टर म्हणतात, आणखी आठ दिवस काही सांगता येत नाही. आज सकाळी साडेनऊला मी पाहिली तेव्हा ती होती आणि डोळे उघडून बघत होती. त्यापुढचं मला ठाऊक नाही."

महानंदाचं बोट फोटोवरून फिरत होतं, दाण्यादाण्यांच्या त्या कपाळावरून.

"फसवायचं असतं तर तुम्ही चांगलं गुटगुटीत बाळ आणलं असतंत," ती म्हणाली.

"तसलं पण काढलं होतं, दुसऱ्या कुणाचं तरी. आणलं नाही."

आईने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं. आता ही फोटो फेकून देईल. महानंदाने फोटो छातीवर पालथा ठेवला.

"मला उठून बसवा," ती म्हणाली. "कुणाचं दूध देतात तिला?"

"पावडरचं."

"माझं पाठवता येईल?"

"आलं तर येईल. थर्मासमधून सकाळच्या पहिल्या गाडीने मी नेईन. पण त्यासाठी काहीतरी खावं लागेल."

तिने गोळी घेतली, पाण्याबरोबर, गिळून. डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या. त्या परत गेल्या. आईने ज्वारीच्या कण्या आणि ताक आणलं आणि वाटी माझ्याकडे दिली.

दुसऱ्या दिवशी दोन चमचे दूध निघालं, तिसऱ्या दिवशी अर्धी वाटी. मी आणि शिवानंद आळीपाळीने एसटीने नेत राहिलो. एकोणतिसाव्या दिवशी मुलगी पेटीतून बाहेर आली. आज ती नागपूरला असते, दोन मुलांची आई आहे आणि फोटो काढून घ्यायचा म्हटलं की तिला कंटाळा येतो. पण ते सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी आम्हाला त्यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि तरी माझ्या खांद्यावरून काहीतरी उतरलं होतं. मी कॉटच्या कडेला बसले होते आणि महानंदा भिंतीकडे नाही, माझ्याकडे तोंड करून बसली होती.

चार-पाच घास झाल्यावर तिने चमचा वाटीत ठेवला.

"अक्का, तात्या गेले तेव्हा तुम्ही तिथं होतात ना?"

"होते."

"मला कुणीच नीट सांगितलं नाही. सगळे म्हणतात, सुटले. म्हणजे काय, ते सांगत नाहीत. तुम्ही सांगा."

मी आईकडे पाहिलं नाही. "बुधवारी सकाळी त्यांना धाप लागली," मी सुरुवात केली, आणि जे जसं झालं ते तसं सांगत गेले, त्यांनी कुणाचं नाव घेतलं आणि कुणाचं घेतलं नाही तेही. आणि महानंदा चमचा पुन्हा उचलून, हळूहळू कण्या खात, ऐकत राहिली.